तिसरा शब्द

नारळ फुटला आणि त्यातलं पाणी थेट माझ्या टॅबवर उडालं.

"शकुन चांगला झाला," उदय बुगड म्हणाला. नाटकाचा लेखक तोच, दिग्दर्शक तोच आणि रंगदेवतेचा पुजारीही तोच, त्यामुळे त्याला अडवणार कोण? हार्मोनियमच्या पेटीवर नटराजाची मूर्ती, मूर्तीपुढे माझा टॅब, टॅबच्या काचेवर हळद, कुंकू, अक्षता, वर एक शेवंतीचं फूल, आणि आता हे पाणी. मी ओढणीनं पुसायला धावले तर त्यानं मला हातानंच मागं सारलं. आरती होईपर्यंत संहितेला हात लावायचा नाही म्हणे.

आमच्या चौकट नाट्यमंडळाची ही रीतच होती. प्रयोगाआधी पडद्यामागं पूजा व्हायची, नाटकाची वही मूर्तीच्या पायाशी ठेवायची आणि तिला कुंकू लावायचं. कुंकू न लागलेलं नाटक मध्येच अडखळतं, असा उदयचा ठाम समज. त्या वर्षी वही नव्हती. मग त्यानं टॅबलाच कुंकू लावलं. देवाला काय, भाव महत्त्वाचा. टॅबला मात्र भावापेक्षा पाणी जास्त कळतं, हे मला दुसऱ्या अंकात समजायचं होतं.

वही बंद करायला लावली होती मी, सुप्रभा मगदूमनं. तेव्हा मी इचलकरंजीत कॉम्प्युटरचे क्लास घेत होते आणि बाजारात नवीन काही आलं की मला रात्रभर झोप लागत नसे. मंडळात माझं काम प्रॉम्प्टरचं, म्हणजे विंगेत बसून विसरलेली वाक्यं हळूच सुचवायचं. उदयला रोज एक नवं वाक्य सुचायचं. त्याच्या वहीत समासात बाण, बाणांना चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांना टाचण्या, असा सगळा गोधडीचा प्रकार. कुणाकडं कालचं नाटक, कुणाकडं परवाचं. म्हणून मी अख्खं नाटक नोट्सच्या ॲपमध्ये घातलं. मजकूर एकच, पण तो सगळ्यांच्या फोनवर. उदयनं घरी बसून एक शब्द खोडला की माझ्या टॅबवर तो तिथल्या तिथं नाहीसा व्हायचा. मला ते बघताना अंगावर काटा यायचा. छापील प्रती फक्त स्पर्धेच्या परीक्षकांना दिल्या. आम्हाला कागद कशाला, टॅब आहे की, असं मी इतक्यांदा म्हटलं होतं की लायकरकाकांनी माझं नावच 'टॅबवाली' ठेवलं होतं.

लायकरकाका म्हणजे आमच्या नाटकाचा खांब. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून नोकरी झाली. त्यांचा आवाज लाउडस्पीकरवर घुमला की बाथरूममधला माणूसही धावत येऊन गाडी पकडायचा. तारुण्यापासून ते हौशी नाट्यस्पर्धेत उतरत होते. घरात प्रमाणपत्रांनी एक भिंत भरलेली, आणि सगळी उत्तेजनार्थ. रौप्यपदकानं दर वेळी हुलकावणी दिलेली. आणि आता, सत्तरी जवळ आल्यावर, उदयनं त्यांच्यासाठीच अण्णांची भूमिका लिहिली होती. अण्णा म्हणजे गावातला जुना रेडिओ मेकॅनिक. नाटकभर हा माणूस बोलत राहतो, आणि त्याची बायको स्वयंपाकघरात असते. ती कधी दिसतच नाही. शेवटी मुलं निघून जातात आणि अण्णा एकटा स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून तिच्याशी बोलतो. तेच मोठं स्वगत, तिथंच सगळं नाटक.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. काका विसरायला लागले होते.

आधी एखादा शब्द, मग एखादं वाक्य. एका तालमीत ते मधोमध उभे राहिले आणि आपण कुठल्या नाटकात आहोत तेच त्यांना आठवेना. कुणी हसलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं. मंडळात कुजबुज सुरू झाली, भूमिका दुसऱ्याला द्यावी का म्हणून. काकांच्या कानावर ती गेलीच. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"सुप्रभा, मी चष्मा काढून पुसायला लागलो की समज, गाडी अडकली. तू दोन शब्द द्यायचे. फक्त दोन. तिसरा मी तुझ्याकडनं घेणार न्हाई."

"आणि दोन शब्दांनी नाही सुटली तर?"

"तर ह्यापुढं तोंडाला रंग लावायचा न्हाई. नटाला ओढत न्यायचं नसतं. ढकलला की चालला पाहिजे."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, रद्द झालेल्या गाडीची घोषणा करावी तसं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी टॅबचं चार्जिंग बघत बसले.

तालमीला त्यांच्यासोबत लायकरकाकू यायच्या, नाव आक्काताई. थर्मास घेऊन कोपऱ्यात बसायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटायच्या. नाटकापायी गौरी-गणपती बुडाले, लेकीचं डोहाळजेवण बुडालं, आता डोळ्यांचं ऑपरेशन बुडवणार. पुण्याच्या मुलानं त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. त्या सतत त्यात तोंड घालून असायच्या. आम्हाला वाटायचं, मिठाया फोडायचा खेळ खेळतात. एकदा मात्र त्यांनी मान वर करून उदयलाच धरलं.

"शेवटाला बी हाच बोलतोय व्हय? त्या बाईला बोलू दे की एकदा."

उदय हसला. "काकू, तिला बोलायला दिलं तर दोन अंकांचं नाटक पाच अंकांचं होईल."

सगळे हसले, काकाही हसले. काकूंनी पुन्हा फोनमध्ये मान घातली आणि विषय तिथंच मिटला.

तर असं सगळं गाठोडं घेऊन आम्ही कोल्हापूरच्या त्या नाट्यगृहात आलो होतो. वेळ मिळाली होती दुपारची. आरती झाली, उदयनं फूल काढून माझ्या हातात टॅब दिला, मी तो ओढणीनं खसाखसा पुसला. मग उदयनं दुसरी रीत पार पाडली. मागच्या वर्षी ऐन मरणाच्या प्रवेशात मेलेल्याच्या खिशातला फोन वाजला होता, तेव्हापासून प्रयोगाआधी सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा व्हायचे आणि पिशवीची गाठ मारून ती रंगभूषा करणाऱ्या पोतदारमामांच्या ताब्यात जायची. उदयनं स्वतःचाही फोन बंद करून टाकला. माझा टॅब तेवढा सुटला, त्यात सिमकार्ड होतं आणि रेंजच्या दोन काड्याही.

माझी जागा झकास होती. सेटवर उजवीकडं स्वयंपाकघराचं दार, त्याला अर्धा ओढलेला पडदा, आणि पडद्यामागं स्टुलावर मी. म्हणजे अण्णा बायकोशी बोलायला दाराशी आले की काका खरं तर माझ्या समोरच उभे. प्रेक्षकांना वाटावं आत बायको आहे, म्हणून मांडणीवर दोन पातेली, पळी, फुलपात्र असा संसारही मांडलेला. फटीतून मला रंगमंच दिसायचा आणि पुढच्या चार रांगा. तिसऱ्या रांगेच्या कडेला काकू बसल्या होत्या, मांडीवर थर्मास, हातात फोन. इथंही मिठाया, मी मनात म्हटलं.

पहिला अंक असा रंगला की काय सांगू. काकांनी एकदाच चष्मा काढला, मी दोन शब्द दिले, गाडी सुटली. परीक्षकांतला एक जण खुर्चीत पुढं सरकून बसलेला मी स्वतः बघितला. मध्यंतरात काका घामानं निथळत होते, पण डोळे चकाकत होते. पदक ह्या वेळी आपलंच, असं सगळ्यांच्या मनात होतं आणि दृष्ट लागेल म्हणून कुणी बोलत नव्हतं.

दुसरा अंक अर्ध्यावर आला आणि टॅबवरचं पान आपोआप वर सरकलं.

मी ते खाली आणलं. ते पुन्हा वर गेलं, मग सर्रकन तळाला. अक्षरं मोठी झाली, बारीक झाली, आडवी झाली. टॅबच्या अंगात आलं होतं. मला एका क्षणात उमगलं: वरून चिकटवलेल्या काचेखाली नारळाचं पाणी शिरलं होतं आणि टॅबला वाटत होतं कुणीतरी जागोजागी बोटं लावतंय. मी जिथं बोट ठेवीन तिथं त्याला ते समजेना, आणि जिथं कुणीच नाही तिथं तो आज्ञाधारकासारखा ऐकत होता. तेवढ्यात मजकुरावर निळी पट्टी पसरली. पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत. मी नखांनी ती वरची काच उपटून काढली, ओढणीनं खालचा पडदा कोरडा केला, आणि टॅब एकदम शहाण्यासारखा शांत झाला. पण पान कोरं होतं. केलेलं मागं घ्यायचा बाण होता, तोही विझलेला. आणि मजकूर सगळ्यांचा एकच असल्यामुळं जगात जिथं जिथं ते नाटक होतं तिथून ते पुसलं गेलं होतं. ह्याच सोयीचं मी वर्षभर कौतुक करत होते.

रंगमंचावर मुलगा आणि सून निघून गेले. दार लागल्याचा आवाज झाला. काका एकटे उरले. ते सावकाश माझ्या दाराशी आले.

"आठवतंय का तुला," त्यांनी सुरुवात केली, "आपला पहिला रेडिओ?"

स्वगताची सुरुवात मला येत होती, पुढचं नव्हतं. उदयनं आदल्या संध्याकाळपर्यंत त्यात बदल केले होते, आणि पाठ कशाला करायचं, टॅब आहे की. काकांनी चार वाक्यं अशी म्हटली की मी टॅब विसरून ऐकत राहिले. पाचव्याला त्यांचा आवाज जरा घुटमळला. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

मी तोंड उघडलं. तोंडात काही नव्हतं.

काका चष्मा पुसत होते. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. काकांनी एका काचेवरून दुसऱ्या काचेवर सोगा नेला आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. गाडी फलाटावर उभी आहे, ड्रायव्हर नाही, आणि माइक हातात धरून काय सांगायचं ते कंट्रोलरला सुचत नाही, तशी ती नजर होती.

आणि कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली: उदय लिहीत आहे.

मग एक शब्द आला. मग दुसरा. 'शेजारपाजारचे सगळे.'

मी पडद्याला ओठ लावून म्हटलं, "शेजारपाजारचे सगळे." काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि गाडी सुटली. "शेजारपाजारचे सगळे आपल्या ओसरीवर जमले होते. बातम्या सांगणारा माणूस आत कुठं बसलाय म्हणून म्हातारी रेडिओच्या मागं जाऊन बघत होती..."

मला नाचावंसं वाटलं. उदय शेवटच्या रांगेत बसणार होता. त्यानं पिशवीतून फोन काढला असणार, पान कोरं झालेलं बघितलं असणार आणि पठ्ठ्या तिथून अख्खं स्वगत नव्यानं लिहीत होता! काय डोकं! शब्द एकेक करून पडद्यावर पडत होते, गळक्या नळाच्या थेंबांसारखे. मी तो थेंब टिपायचा आणि दारातून पुढं द्यायचा. काका चष्म्याला हात लावायचे, दोन शब्द घ्यायचे आणि पुढचं वाक्य आपल्या बळावर म्हणायचे. मध्ये थांबावं लागायचं. ते थांबणं मला जिवावर येत होतं, पण प्रेक्षागृह त्या थांबण्यात श्वास धरून बसलेलं मला ऐकू येत होतं.

एका ठिकाणी शब्दांच्या मध्येच आलं: 'घाई करू नका.' हे नाटकातलं नव्हतं. मी काकांना तेही हळूच सांगितलं. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि खरंच त्यांचा आवाज खाली उतरला, मऊ झाला.

मग शब्द थांबले. 'उदय लिहीत आहे' हेही पुसलं गेलं.

मी टॅब हलवला, उंच धरला, रेंज बघितली. दोन्ही काड्या होत्या. काकांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. आता प्रेक्षकांतही चुळबूळ झाली, आणि परीक्षकांच्या टेबलावरचा छोटा दिवा मला नको तेवढा स्पष्ट दिसायला लागला. संपलं, मला वाटलं. हा माणूस आता मान खाली घालून आत येईल आणि पुन्हा कधी बाहेर जाणार नाही.

मला काय सुचलं कोण जाणे. मी मांडणीवरचं फुलपात्र उचललं आणि पातेल्यावर आपटलं.

ठण्ण.

अख्खं नाट्यगृह दचकलं. नाटकभर त्या स्वयंपाकघरातून एकही आवाज आला नव्हता. काका दाराकडं बघून अगदी सावकाश हसले.

"म्हणजे ऐकतीयस तू," ते म्हणाले. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. "मला वाटलं, झोप लागली तुला. माझं बोलणं ऐकून एवढ्या वर्षांत किती वेळा झोपलीस, मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

प्रेक्षक हसले. त्या हशानं आम्हाला वेळ दिला. आणि कोपऱ्यात पुन्हा अक्षरं उमटली, उदय लिहीत आहे, आणि शब्द यायला लागले, आधीपेक्षा वाकडेतिकडे, घाईघाईनं. काकांनी रस्ता पकडला. गाडी शेवटाकडं निघाली.

उदयचा शेवट मला ठाऊक होता, त्याला त्याचा भारी अभिमान होता. अण्णा म्हणतो, अख्ख्या गावाचे मुके रेडिओ मी बोलते केले, आणि मग दाराकडं तोंड करून, प्रेक्षकांकडं पाठ करून, एक लांबलचक वाक्य, ज्यात आयुष्य, दिवा, प्रार्थना सगळं यायचं. पहिलं वाक्य काकांनी माझ्या मदतीशिवाय म्हटलं. "अख्ख्या गावाचे मुके रेडिओ मी बोलते केले." चष्म्याला हात गेला. मी पडद्यावर बघितलं. तिथं दिवाही नव्हता आणि प्रार्थनाही नव्हती. भलतंच काहीतरी येत होतं. पण तेव्हा विचार करायला वेळ कुठला? आले ते दोन शब्द मी दिले.

"घरात मात्र."

काका थबकले. हे शब्द आपल्या नाटकात नाहीत, हे त्यांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग ते दारापासून वळले. उदयनं बसवलेलं सगळं मोडून ते प्रेक्षकांकडं वळले. त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर गेली, तिथून सरकत सरकत डावीकडच्या दाराशी गेली आणि तिथं थांबली.

"घरात मात्र मीच बोललो."

माझ्या हातातल्या टॅबवर हेच वाक्य होतं. मी ते दिलं नव्हतं. मी पुढचे दोन शब्द द्यायला ओठ उघडले, 'आता तू', पण काका माझ्यासाठी थांबलेच नाहीत.

"आता तू बोल," ते म्हणाले. "मी ऐकतो."

आणि ते अण्णांच्या खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून, कान देऊन. पडदा पडेपर्यंत कुणी हललं नाही. मग टाळ्या आल्या त्या अशा की सेटवरची पातेली थरथरली. मी स्टुलावर बसून घळाघळा रडले, आणि रडता रडता हसत होते.

पडदा पडल्या पडल्या उदय आत आला. त्याच्या मिशीला उसाच्या रसाचा फेस होता.

"माझं शेवटचं वाक्य कुणी बदललं?"

"तूच ना," मी त्याच्या गळ्यातच पडले. "कसलं लिहिलंस रे! आणि आधीचं अख्खं स्वगत एका हाती..."

"मी कशावर लिहिणार? फोन पिशवीत आहे. आणि मी दुसऱ्या अंकाला आत नव्हतोच, मला बघवेना. समोरच्या रसवंतीत बसलो होतो. टाळ्या ऐकून दारातून डोकावलो."

पोतदारमामांनी पिशवीची गाठ सोडली. उदयचा फोन तळाशी होता, बंद. मग उदयनं कपाळावर हात मारला. त्यानं आपलं खातं आणखी एका फोनवर उघडून दिलं होतं. काकांचा फोन जुना, बटणांचा, त्यात ते ॲप चालत नव्हतं. घरी पाठांतर करायला नाटक हवं म्हणून त्यानं ते काकूंच्या फोनमध्ये घातलं होतं, आणि नवीन खातं काढायचा कंटाळा म्हणून स्वतःच्याच नावानं.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव तिकडंच राहील. रौप्यपदक काकांना मिळालं. परीक्षकांनी त्यांच्या अभिनयातल्या विरामांचा खास उल्लेख केला. ते विराम एका बाईनं बोटानं फोनवर गिरवायला घेतलेल्या वेळाचे होते, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. लेखनाचं बक्षीस उदयला मिळालं, शेवटच्या वाक्यासाठी. ते आपल्याला ऐन वेळी सुचलं, असं तो अजूनही सांगतो. मी मग आपटायला फुलपात्र शोधायला लागते.

तर मी प्रेक्षागृहात धावले. तिसऱ्या रांगेत काकू नव्हत्या. त्या डावीकडच्या दाराशी उभ्या होत्या आणि छातीला बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक त्यांची हजेरी घेत होता. मला बघताच तो माझ्याकडं वळला.

"ह्या तुमच्या काय? नाटक बघायला यायचं आणि सगळा वेळ मोबाईल. मागच्या लोकांनी तक्रार केली म्हणून मी बंद करायला लावला, तर ह्या इथं दारामागं येऊन परत सुरू. निदान नवऱ्याचं काम तरी बघायचं की हो, काकू."

काकूंनी फोन पदरात गुंडाळला. त्यांच्या उजव्या हाताचं बोट लालेलाल झालं होतं. स्वयंसेवक गेला, मग त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"काकू, अख्खं स्वगत तुम्हाला पाठ होतं?"

"न व्हायला काय झालं? भाकरी थापू देत न्हाईत, धुणं वाळत घालू देत न्हाईत. घरी हे अण्णा व्हायचे आणि मला म्हणायचे, तू दार हो. एवढे महिने दार होऊन उभी राहिलीय मी. दाराला बी पाठ झालं असतं."

"आणि शेवटचं वाक्य?"

"ते माझं." त्या पहिल्यांदाच जरा लाजल्या. "रोज त्यांचं झालं की मी म्हणायचे ते. हे ऐकायचे न्हाईत, चष्मा पुसत बसायचे. वाटलं होतं, कानावरनं जातंय नुसतं."

तेवढ्यात काका आले. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच, गळ्यात टॉवेल. वाटेत लोक त्यांचे हात हातात घेत होते, पाया पडत होते, आणि ते कुणाकडं धड बघत नव्हते. ते सरळ काकूंसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी सवयीनं चष्मा काढला आणि पुसायला लागले.

मी तिथंच होते, पण ह्या वेळी मी दोन शब्द द्यायचे नव्हते.

काकूंनी त्यांच्या हातातला चष्मा काढून घेतला, पदरानं नीट पुसला आणि त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"म्हणालाय न्हवं, मी ऐकतो म्हणून? चारशे माणसांसमोर म्हणालाय."

"म्हणालोय," काका म्हणाले.

"मग चला घरी. बोलायचं लई साठलंय."